नळाला झिणझिण्या का येतात?

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी न्हाणीघरातून आमच्या मंडळींची हाक आली, "अहो, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात!" मी आधी मेन स्विच बंद केला, मग वायरमनला बोलावले.

गिझरच्या अर्थिंगची तार पूर्वी कोणी नळालाच बांधली होती. नळ लोखंडी, जमिनीत गेलेला, तोवर निभावले. पुढे बाहेरचा नळ प्लॅस्टिकचा झाला. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. गिझरमधली गळती मग नळातच अडून राहिली.

म्हणून अर्थिंग नळाच्या भरवशावर नको. त्यासाठी जमिनीत स्वतंत्र इलेक्ट्रोड पुरावा. घरातले धातूचे नळ मात्र त्याच अर्थिंगला जोडावेत. दोन हौदांची पातळी सारखी असली की मधल्या नळीतून पाणी वाहत नाही. तसेच नळ आणि गिझर यांचा दाब सारखा असला, तर दोन्हींना हात लावणाऱ्याच्या अंगातून वीज वाहत नाही.

आता एक हिशेब. अर्थिंगचा विरोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टला ११.५ अँपिअरच वीज वाहते. १५ अँपिअरचा फ्यूज वितळणार कसा? म्हणून ३० मिलिअँपिअरच्या गळतीला बंद पडणारा स्विचही बसवा. गुरुजी, हा हिशेब मुलांना फळ्यावर मांडून दाखवाच.