घंटा मेणवलीत, गाव पापडीत



वाईजवळच्या मेणवलीला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका लहानशा दगडी मंडपात टांगलेली भलीमोठी घंटा. बहुतेक जण ती वाजवून बघतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा घंटेच्या अंगावरून हात फिरवला. बोटांना काहीतरी उठावाचं लागलं. वाकून पाहिलं, तर कडेवर बाळ घेतलेली एक आई. मारियामाता आणि बाळ येशू. घंटेवर साल आहे 1707. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या मुलखातल्या देवळांना वाहिल्या. मेणवलीची घंटा त्यांतलीच. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावरची घंटाही वसईचीच, आणि गोदावरीचा पूर किती चढला हे नाशिककर आजही तिच्यावरून सांगतात.

माझं माहेर वसईतल्या पापडीचं. म्हणून त्या घाटावर उभी असताना मनात पहिला प्रश्न आला तो घंटेचा नव्हता, गावाचा होता. घंटा गेली, सत्ता गेली, युरोपीय पाद्री गेले. मग आमचं गाव दर रविवारी चर्चमध्ये का येत राहिलं? आज तुमच्याशी बोलायचं आहे ते याच प्रश्नाबद्दल.

पापडी वसईच्या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर आहे. तिथलं कृपामातेचं चर्च सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्याआधी, 1534 साली, गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली आणि त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे मठवासी आले. उत्तर कोकणातली ही पट्टी सुपीक. राजेळी केळी, पानमळे, भाताची खाचरं, आणि पावसाचं पाणी धरून ठेवणारी बावखलं. बावखल म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. त्यावर रहाट चालायचा, बागा भिजायच्या. पोर्तुगिजांनी इथे वाडे बांधले, चर्च बांधली, आणि गावंच्या गावं ख्रिस्ती झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे सगळं प्रेमानं, समजावून सांगून झालं असं म्हणणं खोटं ठरेल. अंतोनिओ दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या काळात वसई आणि साष्टीतली देवळं पाडली गेली. बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या लेण्यात चर्च झालं, ते त्याच काळात. राजाचा धर्म घेतला की सारा, नोकरी, न्याय सगळ्यात फरक पडत होता. हे आमच्या पूर्वजांच्या इतिहासात आहे आणि ते लपवून गावाचा इतिहास सांगता येणार नाही. शाळेत असताना कुणी बाटगे म्हणालं की मी रडत घरी यायचे. आज मला वाटतं, तो शब्द ऐकून गप्प बसण्यापेक्षा आपला इतिहास पूर्ण वाचावा, कडू पानांसकट.

पण या काळातही एक वेगळी गोष्ट घडली. लोक ख्रिस्ती झाले, तरी जुने समाज टिकले: सामवेदी सामवेदीच राहिले, वाडवळ वाडवळ राहिले, कोळी कोळीच राहिले. आडनावं लोपीस, रॉड्रिग्ज, परेरा, घोन्सालवीस अशी झाली. सामवेदी घरातली बोली मात्र कादोडीच राहिली, आणि शेजारच्या हिंदू सामवेदी घरातही तीच बोली. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. माझी आजी लाल लुगडं नेसून पहाटे निघायची, आणि कुठे चाललीस म्हणून विचारलं की म्हणायची, देवळात.

याच वसईत 1557 च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. तो जपानला गेला, फ्रान्सिस्कनांचा धर्मबंधू झाला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारला गेला. 1862 साली त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत वसईचा, हे महाराष्ट्रात फार कमी लोकांना ठाऊक आहे.

आता 1739 कडे येते. मे महिन्यात, फार रक्त सांडून, किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीज गलबतांत बसून निघून गेले. युरोपीय मठवासीही गेले. किल्ल्यातली मठमंदिरं ओस पडली, त्यांच्या कमानींवर आजही वड-पिंपळ उगवलेले दिसतात. ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मोकळीक शरणागतीच्या तहात होती. पण मोकळीक असणं वेगळं आणि राजाश्रय असणं वेगळं. काही घराण्यांनी पुन्हा हिंदू धर्म घेतला. काही गेली, काही राहिली. जी राहिली, त्यांना आता ख्रिस्ती राहण्यात लाभ कसलाच नव्हता. गोव्याकडून आलेले देशी पाद्री, अपुरा पैसा, मोडकळीला आलेली छपरं, आणि बोलवायला घंटाही नाही.

हिशेब करून पाहा. पोर्तुगीज वसईत राहिले दोनशे पाच वर्षं. ते गेल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली. म्हणजे वसईतल्या जुन्या धर्मग्रामांचं, एकेका चर्चभोवतीच्या गावांचं, निम्म्याहून जास्त आयुष्य पोर्तुगिजांशिवाय गेलेलं आहे. ही चर्च पोर्तुगिजांनी ठेवली असं म्हणतात ना, ते अर्धंच खरं आहे. बांधली त्यांच्या काळात. राखली ती केळी लावणाऱ्या, पानवेली खुडणाऱ्या आणि मासे मारणाऱ्या माणसांनी, पेशव्यांच्या अमलातही आणि 1818 नंतर इंग्रजांच्याही.

पुढच्या शतकातल्या कारभाराच्या भानगडी मी थोडक्यात सांगते. पाद्री कुणी नेमायचे, पोर्तुगालच्या राजानं की रोमनं, यावर मोठे वाद झाले. 1886 साली वसई दमण धर्मप्रांतात गेली आणि 1928 साली मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. गावातल्या माणसाला यातलं फारसं काही जाणवलं नसावं. त्याला जाणवला तो सावकार. आणि इथे पापडीनं जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 1918 साली मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी पुढाकार घेऊन शेतकऱ्यांसाठी एक पतपेढी उभी केली. बागायतदाराची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून माणसांनी आपले थोडे थोडे पैसे एकत्र ठेवले. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. तिचं मुख्य कार्यालय आजही पापडीला आहे. जे धर्मगुरू रविवारी वेदीवर उभे राहायचे, त्यांनी सोमवारी कर्जाचा विचार केला. धर्मग्राम म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलं नसतं तेवढं या एका गोष्टीतून कळलं.

आजीच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असायची. पाद्री वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून म्हणायचे. आजी ते शब्द सुरात म्हणत असे, अर्थ मात्र एकाचाही ठाऊक नव्हता. संध्याकाळी घरी दिवा लागला की सगळ्यांना बसवून ती जपमाळ सांगायची, ती मात्र आपल्या बोलीत. 1962 ते 1965 या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक मिळाली. वसईत मिस्सा मराठीत आली. पाद्री लोकांकडे वळले. आजी तेव्हा म्हातारी झाली होती. पहिली मराठी मिस्सा ऐकून ती घरी आली आणि दिवसभर फार कमी बोलली. मी लहान होते, मला वाटलं तिला आवडलं नाही. रात्री जेवताना ती म्हणाली, आज देव काय म्हणाला ते कळलं.

त्या एका बदलातून वसईत मराठीचं फार मोठं काम उभं राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 1983 पासून 2007 पर्यंत 'सुवार्ता' मासिकाचं संपादन केलं, हरित वसईच्या चळवळीत बागा आणि पाणी वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि 'सुबोध बायबल' मराठीत आणलं. त्याला 2013 साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. 25 जुलै 2024 रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्यासाठी रडणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि हिंदू किती हे मोजायचं कुणाला सुचलंही नसेल. त्याआधीच, 22 मे 1998 रोजी, वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला होता आणि पापडीचं कृपामातेचं चर्च त्याचं महामंदिर झालं. पहिले महागुरुस्वामी, म्हणजे बिशप, झाले थॉमस डाबरे, वसईचेच. त्यांची डॉक्टरेट आहे तुकोबांच्या देवानुभवावर.

आता मला जी काळजी आहे ती सांगते. बावखलं बुजवली जात आहेत. पानमळ्यांच्या जागी इमारती आल्या आहेत. कादोडी बोलणारी मुलं कमी होत चालली आहेत, आणि आजीसारख्या बायका ज्या प्रार्थना, ज्या गाण्यांच्या ओळी तोंडपाठ म्हणायच्या, त्यातल्या बऱ्याच कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. वसईतल्या ज्या श्रोत्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची माणसं आहेत, त्यांना माझी विनंती आहे. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. मोबाईल पुढे ठेवा आणि त्यांना बोलतं करा. लग्नातली गाणी, शेतातली नावं, बावखलांची नावं, जपमाळेचे शब्द, जे आठवेल ते रेकॉर्ड करा.

आणि जे बाहेरून किल्ला पाहायला येतात, त्यांनी परतताना रविवार असेल तर पापडीला थांबावं. मागच्या बाकावर बसलात तरी कुणी विचारणार नाही, तुम्ही कोण. मिस्सा मराठीत असते.