दोन डिस्कांची जोडी

वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावातही लग्नाचं चित्रीकरण आता पेनड्राइव्हवर घरी येतं. पाच-सहा समारंभ एकाच हार्ड डिस्कवर साठवले आणि ती डिस्क बसली, की सगळंच गेलं.

यावरचा एक उपाय म्हणजे रेड. 1988 मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना मांडली: स्वस्त डिस्कांचा गट करायचा आणि भरवसा वाढवायचा. त्यासाठी महागडं कार्ड लागत नाही. जुना संगणक, त्यावर लिनक्स आणि एमडीएडीएम हे मोफत साधन, एवढं पुरतं.

घरासाठी त्यातला रेड-1 हा प्रकार बरा. 4 टीबीच्या दोन डिस्का, दोन्हींवर तेच चित्रीकरण. जागा मात्र 4 टीबीच. अशाच चार डिस्का रेड-5 या दुसऱ्या प्रकारात जोडल्या तर 12 टीबी हाती येतात. पण फाइल लिहिली जात असताना वीज गेली, तर तिथे डिस्कांमधला ताळमेळ बिघडू शकतो. यूपीएस हवाच!

चुकून पुसलेली फाइल मात्र रेड परत देत नाही. ती दोन्ही डिस्कांवरून जाते. म्हणून एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो नातेवाइकांकडे ठेवा.