भीती असताना भरवसा
(सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



परमेश्वरावरील भरवसा या विषयावर चार शब्द बोलावेत, असे कमिटीने आम्हाला सांगितले. आम्ही काही धर्मपंडित नाही. मुंबईला नर्सिंगचा डिप्लोमा घेतला, तिथे काही वर्षे आणि आलिया केल्यावर इथे नेगेवमध्ये तीसेक वर्षे वॉर्डात उभे राहण्यात गेली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांचे ब्लड प्रेशर आम्ही कधी ना कधी मोजलेले आहे. तेव्हा जे बोलायचे ते आमच्या कामाच्या वाटेनेच बोलू. नातवंडांची सूचना होती की भाषण हिब्रूत करावे. पण भीतीविषयी बोलायचे तर मराठीतच बोलावे लागते. माणूस घाबरला की आईच्या भाषेत ओरडतो, मग तो या देशात पन्नास वर्षे राहिलेला का असेना. हे आम्ही रात्रपाळीत अनेकदा ऐकले आहे.

7 ऑक्टोबर 2023 च्या सिमहात तोराच्या सकाळपासून आपण सगळ्यांनी भीती अगदी जवळून पाहिली. 2025 च्या जूनमध्ये इराणशी बारा दिवसांचे युद्ध झाले, तेव्हा तर आपल्या बेरशेवा गावावरच ती येऊन बसली. आपल्यातले कितीतरी म्हातारे लोक जुन्या शिक्कूनमध्ये राहतात. घरात मामाद नाही, लिफ्ट नाही, गुडघे चालत नाहीत. सायरन झाला की जिन्यात भिंतीला टेकून बसायचे आणि शेमा म्हणायचा. अशाच एका रात्री जिन्यात एक म्हातारी बाई आम्हाला हळूच म्हणाल्या, "सिस्टर, आयुष्यभर शाबाथ पाळला, किप्पूर पाळला, आणि आता छातीत धडधडतेय. म्हणजे आमचा देवावर विश्वास नाही काय?"

त्या बाईंचा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बरेच जण असेच समजतात, की ज्याचा विश्वास पक्का तो घाबरत नाही, आणि जो घाबरला त्याचा विश्वास कच्चा. आमच्या मते हे बरोबर नाही, आणि याला आधार आहे तो आपल्या लाडक्या एलियाहू हानाबींचाच.

आपण बेने इस्राएल लोक नवस बोलतो तो एलियाहू हानाबींना. लग्न ठरले, मूल झाले, आजारातून उठलो, नवीन घर घेतले, की मालिदा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यांच्या रथाची खूण खडकावर आहे असे आपले वाडवडील सांगत आले. अग्नीच्या रथातून स्वर्गात गेलेले एलियाहू आपल्या डोळ्यांसमोर असतात. पण त्याच्या आधीचे एलियाहू आपण विसरतो. मेलाखीमच्या पहिल्या पुस्तकात त्यांची हकीकत आहे. कार्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला, आकाशातून अग्नी उतरला, आणि लगेच राणी इझेबेलने निरोप धाडला की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. एलियाहू घाबरले. जीव घेऊन पळाले. आणि पळून कुठे आले? इथेच, बेरशेव्याला! आपल्या नोकराला त्यांनी या गावात ठेवले आणि स्वतः एक दिवसाची वाट चालून रानात गेले. तिथे एका रोतेमच्या झुडपाखाली बसून त्यांनी देवाजवळ मरण मागितले. रोतेम आपण सर्वांनी पाहिले आहे. हिवाळा सरताना त्याला पांढरी फुले येतात. सावली मात्र जेमतेम एका माणसापुरती.

आता पुढे काय झाले ते आमच्यासारख्या नर्सने ऐकावे असे आहे. देवाने त्यांना रागे भरले नाही. कालच एवढा चमत्कार पाहिलास आणि आज रडतोस, असे म्हटले नाही. आधी त्यांना झोपू दिले. मग देवदूताने हात लावून उठवले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. खाल्ले, प्याले आणि पुन्हा झोपले. तरीही देवदूत रागावला नाही, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातले, कारण वाट लांबची होती. झोप, पाणी, अन्न, हाताचा स्पर्श! ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी आमच्या मेट्रनबाईंनी आम्हाला जे शिकवले तेच हे. खचलेल्या माणसाला उपदेश करायचा नाही. त्याने शेवटचे कधी खाल्ले ते विचारायचे.

देव बोलला तो चाळीस दिवसांनंतर, होरेव डोंगरावर. वारा, भूकंप आणि अग्नी होऊन गेल्यावर, अगदी बारीक आवाजात. त्या बोलण्यातही इझेबेलचे मी काय करीन ते सांगितले नाही. परत जा, असे सांगितले, आणि कामे दिली. तू एकटा राहिलेला नाहीस, माझे आणखी सात हजार आहेत, हेही सांगितले. एलियाहू परत गेले तेव्हा इझेबेल जिवंतच होती.

तर जिन्यात बसलेल्या त्या बाईंना आम्ही म्हटले की बाई, धडधड म्हणजे तुमचे हृदय चालू आहे, पाणी प्या. भीती शरीराला वाटते. भरवसा म्हणजे धडधडत्या छातीने शेमा म्हणणे, आणि तो तर तुम्ही म्हणतच आहात.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. 19 जूनला सोरोका हॉस्पिटलच्या जुन्या सर्जिकल इमारतीवर क्षेपणास्त्र पडले. तिथले वरचे मजले आधीच रिकामे केले होते, म्हणून माणसे वाचली. सगळे म्हणाले, नेस, चमत्कार! आम्हीही देवाचे आभार मानले. पण वॉर्ड हलवणे म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. ऑक्सिजनचे सिलिंडर, सलाईन, ड्रेनच्या बाटल्या, प्रत्येकाचे कागद, घाबरलेले नातेवाईक. एकही पेशंट आणि एकही औषध इकडचे तिकडे होता कामा नये. कोणीतरी वेळेवर निर्णय घेतला आणि कोणीतरी कंबर मोडेपर्यंत पलंग ढकलले. परमेश्वराची कृपा पुष्कळदा अशी दुसऱ्याच्या हातांनी येते. आणि पाचच दिवसांनी, 24 जूनच्या सकाळी, युद्धबंदी होण्याच्या तोंडावर याच गावातल्या एका राहत्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडून चार जण गेले. ते देवाला कमी आवडत होते काय? असे जो म्हणेल त्याने त्यांच्या घरच्यांसमोर जाऊन म्हणून दाखवावे. का, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. मृत्यूच्या घरी शिव्आला जाऊन गप्प बसावे, चहा करावा, मिनयान जमवावा. कारणे सांगत बसू नये, एवढी आमची विनंती आहे.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंट विचारतात, "सिस्टर, बरा होईन ना?" नवीन मुली पटकन म्हणतात, "काही होणार नाही हो." आम्ही त्यांना हे बोलू देत नसू. तुला माहीत नाही ते सांगू नकोस. आम्ही रात्रभर इथेच आहोत, बेल दाब, असे सांग. ते खरे असते आणि पेशंटला झोप लागते ती त्यानेच. तेवीसाव्या तेहिलीममध्येही अंधारी दरी लागणारच नाही असे वचन नाही. सोबतीचे आहे.

आता अन्यायाबद्दल. तरुण मंडळींना हे माहीत नसते, म्हणून सांगतो. आपले लोक मोठ्या आशेने या देशात आले आणि त्यांना राग येण्यासारखे पुष्कळ घडले. 1951-52 साली काही जणांनी तेल अवीवला धरणे धरले, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. काही लोक परत गेले, आणि त्यातले बरेच पुढे पुन्हा इथेच आले. 1962 साली रब्बीनेटची सूचना निघाली की बेने इस्राएल मुलामुलीने इतर यहुद्याशी लग्न करायचे तर त्यांच्या आईचे, आजीचे आणि त्यामागचेही कूळ तपासावे. कोकणातल्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? तिला जन्माला घातले ते गावच्या सुईणीने, आणि त्या सुईणीजवळ रजिस्टर नव्हते. ज्यांनी शतकानुशतके, हातात पुस्तक नसताना, शेमा, शाबाथ आणि सुंता सांभाळली, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, त्यांच्याकडे पुरावा मागितला.

त्या लोकांनी काय केले? ते देवावर रुसले नाहीत. पण गप्पही बसले नाहीत. 1964 च्या उन्हाळ्यात ते येरुशलायमला बायकामुलांसह धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटची खास बैठक झाली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे स्पष्ट केले, आणि त्या सूचनेतून आपल्या जमातीचे नाव काढले गेले. परमेश्वरावरचा विश्वास वेगळा आणि परमेश्वराच्या नावाने सही-शिक्का मारणाऱ्यांवरचा विश्वास वेगळा, हा फरक आपल्या वडीलधाऱ्यांना कळत होता. आमच्या काही मैत्रिणींना अजून वाटते की धरणे धरणे म्हणजे श्रद्धेत कमी पडणे. आम्हाला तसे वाटत नाही. एलियाहू हानाबी नाबोथच्या मळ्यासाठी राजा आहाबच्या तोंडावर बोललेच ना?

सिनेगॉगचा वाढदिवस आहे, तेव्हा आपल्या पहिल्या सिनेगॉगची आठवणही काढली पाहिजे. सामाजी हसाजी दिवेकर हे इंग्रजांच्या पलटणीतले अंमलदार टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. सुटलो तर प्रार्थनालय बांधीन असा त्यांनी नवस केला, असे परंपरा सांगते. ते सुटले आणि 1796 साली मुंबईत मांडवीला शआर हारहामीम, म्हणजे दयेचे द्वार, उभे राहिले. जुन्या लोकांच्या तोंडी ती जुनी मशीद. पुढे सेफेर तोरा आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले. आपल्या सगळ्या सिनेगॉगांची सुरुवात अशी एका कैद्याच्या भीतीतून झाली आहे.

आम्ही हॉस्पिटलात होतो तेव्हा आयसीयूच्या बाहेर एकदा दोन आया शेजारी बसल्या होत्या. एक बेदुईन, एक आपल्यातली. एकीच्या हातात जपमाळ, दुसरीच्या हातात तेहिलीमचे पुस्तक. दोघींची मुले आत. दोघी एकमेकींची भाषा बोलत नव्हत्या, पण एक उठून बाथरूमला गेली की दुसरी तिची पिशवी सांभाळी. आम्ही दोघींना चहा नेऊन दिला. याहून मोठी प्रार्थना आम्ही सिनेगॉगमध्येही क्वचित पाहिली आहे, हजान साहेबांनी क्षमा करावी!

आता मालिद्याची ताटे तयार आहेत, पोहे आणि खोबरे सुकायच्या आत संपवतो. महिला मंडळाने आपल्यातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी केली आहे; त्यातले काही तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतात. प्रत्येकासमोर एक रिकामी ओळ आहे. सायरन झाला की त्यांना फोन कोण करणार, आणि जवळ राहत असेल तर जिन्यातून हात धरून खाली कोण आणणार, त्याने तिथे आपले नाव आणि नंबर लिहायचा. यादी दाराजवळच्या टेबलावर आहे, पेनही ठेवले आहे. शाबाथ संपला आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. तरुणांनी आधी लिहावे, मग मालिदा घ्यावा.

शावुआ तोव.