आपत्ती, उद्योग आणि अटी



आपत्तीच्या काळी खाजगी उद्योगांचे साहाय्य घ्यावे की नाही, हा वाद निरर्थक आहे. ते कोणाच्या अटींवर घ्यावे, हा खरा प्रश्न होय.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविशील्डच्या एका मात्रेचे तीन भाव झाले : केंद्राला १५० रुपये, राज्यांना ४००, खाजगी रुग्णालयांना ६००. लस तीच, पुण्यातला कारखाना तोच. भाव मात्र गिऱ्हाईक पाहून ठरला. ओरड झाल्यावर राज्यांचा भाव ३०० वर आला. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू पुण्याच्याच सरकारी संस्थेने पुरविला. तरी खाजगी रुग्णालयांसाठी तिचा भाव १,२०० रुपये ठरला.

१८ ते ४४ वयोगटासाठीचे सशुल्क धोरण सर्वोच्च न्यायालयाने सकृद्दर्शनी मनमानी व अतार्किक ठरविले. २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के खरेदी स्वतःकडे घेतली. उरलेला चौथा हिस्सा खाजगी रुग्णालयांकडेच राहिला. खेड्यातल्या शेतमजुराला त्याचा उपयोग काय?

आग लागल्यावर विहीर खणायला निघालेल्याला पाणी विकणारा सांगेल तोच भाव मान्य करावा लागतो. म्हणून किंमत, पुरवठा आणि तंत्रज्ञानाचे वाटप यांचे करार संकटापूर्वीच, संसदेसमोर, उघडपणे व्हावयास हवेत. उद्योगपतींचे औदार्य हा नियोजनाला पर्याय नव्हे, हे गावोगाव सांगणे कार्यकर्त्यांचे काम आहे.