धाकटी बॅटरी

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गेल्या पावसाळ्यात एका सकाळी साडेनऊला मला फोन आला. पार्सलं पोचवणाऱ्या इलेक्ट्रिक टेम्पोचा ड्रायव्हर बोलत होता, पंचविशीतला पोरगा. "काका, गाडी मेली. काहीच लागत नाही. चार्जिंग बहात्तर टक्के होतं, रात्री मी स्वतः बघितलंय." मी गेलो तेव्हा टेम्पो एका सोसायटीच्या फाटकात आडवा उभा होता. स्क्रीन काळी, रिमोट मुका. वॉचमन म्हणत होता, ढकलून बाजूला घ्या. ढकलणार कसा? त्या गाडीचं पार्किंगचं लॉक सोडायलाही वीज लागते. मागे साठेक पार्सलं, त्यात कुणाची औषधं.

मी बॉनेट उघडलं आणि मीटर लावला. मोठ्या बॅटरीला मी हात लावला नाही. मीटर लावला तो कोपऱ्यातल्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीला. आकडा आला 9.8. ती पार उतरली होती. माझ्याकडची चांगली बॅटरी चिमट्यांनी जोडली, पोराला म्हटलं, बटण दाब. गाडीच्या पोटातून 'टक्' असा आवाज आला, स्क्रीन उजळली आणि चार्जिंग दिसलं बहात्तर टक्के. पोरगं खरं बोलत होतं.

त्या 'टक्'वर मी आज बोलणार आहे.

इलेक्ट्रिक गाडीला चालवणारी मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असते. इतकी वीज चोवीस तास तारांत खेळती ठेवणं धोक्याचं. म्हणून गाडी बंद केली की मोठी बॅटरी बाकी गाडीपासून तोडली जाते. हे तोडायचं-जोडायचं काम कॉन्टॅक्टर करतो. कॉन्टॅक्टर म्हणजे दणकट रिले. त्याची कॉइल बारा व्होल्टवर चालते. गाडीतले संगणक, दारांची कुलपं, दिवे, वायपर, हॉर्न हे सगळंही बारा व्होल्टवर. धाकटीने, म्हणजे त्या छोट्या बॅटरीने, कॉइलला वीज दिली की कॉन्टॅक्टर 'टक्' करून बसतो आणि मोठीचं दार उघडतं. मग मोठी बॅटरी डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाच्या पेटीतून धाकटीला परत भरते. धाकटीच निजली तर मोठीत कितीही वीज असो, ती आत कोंडलेली. बहुतेक गाड्यांत चार्जरची नळी लावूनही उपयोग होत नाही, कारण चार्जरशी बोलणारा संगणकही धाकटीवरच जगतो.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण मला तो फार मोलाचा वाटतो. धाकटी मुख्यतः शिशाची असते. शिशाची ही बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लाँते यांनी 1859 मध्ये तयार केली. शिसं, शिशाचं ऑक्साइड आणि गंधकाम्ल. एका घराचे दोन व्होल्ट, सहा घरांचे बारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या मोटारी बऱ्यापैकी चालत होत्या. पेट्रोलच्या गाडीला समोरून हँडल मारावं लागे, हात मोडत. विजेच्या गाडीला ते नको होतं. मग 1912 मध्ये चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेचा सेल्फ कॅडिलॅक गाडीत आला. शिशाच्या बॅटरीवर पेट्रोलचं इंजिन फिरू लागलं आणि विजेच्या मोटारींचा मोठा आधार गेला. आज शंभराहून अधिक वर्षांनी विजेची गाडी परत आली आहे. आपल्याकडे 'छोटा हत्ती' म्हणतात तो टाटांचा एस 2005 मध्ये आला आणि 2022 मध्ये त्याचा इलेक्ट्रिक भाऊही आला. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे असलेले मालवाहू टेम्पो आपल्या गल्लीत आता नेहमीचे झाले. आणि त्यांना जागं करायला मुख्यतः तीच शिशाची बॅटरी आहे.

पण एक फरक पडला, आणि सगळा घोटाळा तिथे आहे. डिझेलच्या गाडीत बॅटरी म्हातारी झाली की सेल्फ कण्हतो. ड्रायव्हर ते आठवडाभर ऐकतो, मालकाला सांगतो, बॅटरी बदलली जाते. सेल्फला शेकडो अँपिअरचा झटका लागतो, म्हणून दुबळेपण लगेच उघडं पडतं. इलेक्ट्रिक गाडीत सेल्फ नाही. कॉन्टॅक्टर आणि संगणक यांना थोडकीच वीज पुरते, त्यामुळे निम्म्याहून अधिक खराब झालेली बॅटरीही रोज निमूट काम करते. काल चालली आणि आज नाही. मधला इशारा गेला.

त्यात डिलिव्हरीचं काम या बॅटरीला सगळ्यात जड. हिशोब करून दाखवतो. ड्रायव्हर दिवसात साठ ठिकाणी थांबतो. चोरीच्या भीतीने गाडी बंद करून किल्ली खिशात घालतो, ते बरोबरच आहे. रस्त्यात उभं राहायचं म्हणून चारी इंडिकेटर लावतो. एकवीस वॅटचे चार बल्ब, लुकलुकतात म्हणून निम्मा वेळ धरा. सरासरी 42 वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर. एका थांब्याला चार मिनिटं, साठ थांबे, झाले चार तास. 14 अँपिअर-तास गेले. बॅटरी 45ची असेल तर जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि मालाच्या खोलीतला दिवा मी अजून धरलाच नाही. गाडी बंद म्हणून या वेळात कन्व्हर्टरही बंद. दोन थांब्यांमध्ये गाडी चालते तेव्हा थोडं भरतं, पण शिशाची बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरून घेते. त्यासाठी तिला सलग तास लागतात आणि या टेम्पोला ते दिवसा मिळत नाहीत. कायम अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. एकदा ते घट्ट झाले की ती जागा कामातून गेली. वर आपला वैशाख आहेच. थंडीत बॅटरी फक्त सुस्तावते, तिला खरं मारतो तो उन्हाळा.

रात्री तरी तिला विसावा मिळतो का? गाडी कुठे आहे ते मालकाला मोबाइलवर दिसावं म्हणून ट्रॅकर बसवलेला असतो. तो आणि झोपलेले संगणक मिळून 50 मिलिअँपिअर ओढतात असं धरा. दिवसाला 1.2 अँपिअर-तास. क्षुल्लक वाटतं. पण दिवाळीच्या धावपळीनंतर ड्रायव्हर दहा दिवस गावी जातो. आधीच निम्म्यावर आलेल्या बॅटरीतून आणखी 12 गेले. पोरगं परत येतं तेव्हा टेम्पो गार.

आता बदलण्याविषयी. नवी बॅटरी विकत घेण्याआधी मीटर हातात घ्या. गाडी काही तास बंद असताना 12.6 आला तर पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 11.9च्या खाली म्हणजे उतरलेली. मग गाडी 'रेडी'त आणा. बहुतेक गाड्यांत आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये चढायला हवा. तो बारावरच रेंगाळला तर दोष कन्व्हर्टरचा, फ्यूजचा किंवा वायरिंगचा आहे. तिथे नवी बॅटरी घातली तर तीही चार दिवसांत बसेल. आमच्या धंद्यातले काही लोक हे न बघताच बॅटरी गळ्यात मारतात. ते चूक आहे, मी त्यांच्या तोंडावर सांगत आलो आहे.

बदलताना चार्जरची नळी काढलेली हवी, गाडी बंद, किल्ली लांब. दार किंवा काच आधी उघडून ठेवा, वीज गेल्यावर कुलूप उघडेलच असं नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितली असतील तेवढी मिनिटं थांबा, संगणक झोपू द्या. हातातली अंगठी, कडं उतरवा. मग दहा नंबरचा पाना आणि आधी निगेटिव्ह. का, ते समजून घ्या. गाडीची अख्खी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पान्यातूनच शॉर्ट होतं, ठिणगी उडते, पाना तापून लाल होतो. निगेटिव्ह सुटलेली असेल तर पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. बसवताना उलट, आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. निगेटिव्हच्या टर्मिनलवर पुष्कळदा एक छोटा सेन्सर असतो, त्याला पिळू नका.

नवी बॅटरी जुन्याच जातीची घ्या. एजीएम काढली तर एजीएमच घाला. काही गाड्यांत धाकटीही लिथियमची येते, तिथे स्वस्त म्हणून शिशाची चालत नाही. बॅटरी सीटखाली असेल तर तिचा वायू बाहेर नेणारी नळी परत जोडाच. हायड्रोजन असतो तो. पट्टी घट्ट आवळा, आपले खड्डे तुम्हाला माहीत आहेत. काही गाड्यांना नवी बॅटरी आल्याचं स्कॅनरने कळवावं लागतं. आणि नारिंगी वायर, म्हणजे मोठ्या बॅटरीची, दिसली की हात मागे. ते काम प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं.

निघालेली बॅटरी दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. तिचं निम्म्याहून अधिक वजन शिशाचं असतं. ते उघड्या भट्टीवर वितळवलं की धूर आणि धूळ वस्तीत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत करा आणि पावती घ्या. 2022च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, पण बॅटरी आपण परत केली तरच ती त्यांच्यापर्यंत पोचते.

शेवटी त्या पोराकडे येतो. गाडी सुरू झाल्यावर तो हसला नाही. त्याने मोबाइल दाखवला. उशिरामुळे त्या दिवसाचा इन्सेन्टिव्ह गेला होता, आणि गाडी चार्ज न करताच आणली असा ठपका वर. बहात्तर टक्के चार्ज असलेल्या गाडीबद्दल! मी त्याला मीटरच्या आकड्याचा फोटो काढून दिला आणि माझ्या लेटरहेडवर दोष लिहून दिला. ठपका निघाला. पैसे मिळाले नाहीत.

या सभेत टेम्पोंचे मालक बसले आहेत, काही माझे गिऱ्हाईक आहेत. तुम्हाला हात जोडून सांगतो. प्रत्येक गाडीच्या धाकट्या बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. दर महिन्याला तिचा व्होल्टेज वहीत उतरवा. ड्रायव्हर गावी जाणार असेल तर निगेटिव्ह काढायची की गाडी चार्जरवर ठेवायची, ते गाडीच्या पुस्तकात बघून ठरवा. तिसरं वर्ष लागलं की बॅटरी तपासून घ्या, मरायची वाट बघू नका. आणि तरीही एखाद्या सकाळी गाडी उठली नाही, तर आधी मीटर लावा, आणि त्या दिवसाची मजुरी ड्रायव्हरला पूर्ण द्या.