फुकटची वीज आणि गटाचे पैसे
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं मार्गदर्शन, वाचक भगिनींसाठी)



एक व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर येऊन गेला असेल. एक चाक, त्याला चुंबकं चिकटवलेली, बाजूला तांब्याच्या तारेचं वेटोळं. हाताने एकदा ढकललं की चाक फिरतच राहतं आणि बल्ब पेटतो. खाली लिहिलेलं असतं, "घरच्या घरी वीज बनवा, बिल शून्य." आता त्याचे तयार किटही विकायला लागलेत. "यासाठी गटातून अंतर्गत कर्ज मिळेल का?" असं काही गटांत विचारलंही गेलंय. म्हणून ठराव लिहिण्याआधी हे यंत्र नीट समजून घेऊया.

चुंबक आणि तांब्याची तार यातून वीज तयार होते, हे शंभर टक्के खरं आहे. मायकेल फॅरडे नावाच्या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये हे दाखवलं. सायकलचा डायनॅमो त्यावरच चालतो, लग्नाच्या मांडवातला जनरेटरही त्यावरच. व्हिडिओत एवढा भाग खरा असतो, म्हणूनच आपला विश्वास बसतो. पण चाक फिरवतो कोण, हे तिथे सांगत नाहीत.

जात्यावर बसलेल्या बाईला हे लगेच कळेल. रिकामं जातं हलकं फिरतं. मूठभर दाणे टाकले की खुंटा जड लागतो, कारण आता जातं काम करतंय. डायनॅमोचं अगदी तसंच आहे. बल्ब जोडला नाही तर चाक सहज फिरतं. बल्ब जोडला की चाक मागे ओढतं, जोर लावावा लागतो. बल्बमध्ये जो उजेड पडतो तो त्या जोराचाच. जोर थांबला की चाक थांबतं. चुंबक स्वतःहून जोर पुरवत राहत नाही. एका बाजूला जेवढं खेचतं तेवढंच दुसऱ्या बाजूला अडवतं.

आपल्याच भागातली दोन उदाहरणं बघा. आपल्या किनाऱ्यावरून समोर घारापुरी दिसते. तिथल्या राजबंदर, मोरबंदर आणि शेतबंदर या गावांना कित्येक वर्षं डिझेल जनरेटरवर संध्याकाळचे जेमतेम तीन-साडेतीन तास उजेड मिळायचा. त्या जनरेटरमध्येही चुंबक फिरत होतं बरं का! पण डिझेल बंद की अंधार. शेवटी समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकली, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथे कायमची वीज पोचली. दुसरं उदाहरण उरणच्या बोकडविऱ्याचं. तिथलं महानिर्मितीचं वायू विद्युत केंद्र ६७२ मेगावॅटचं आहे. तरी गॅस कमी मिळाला की तिथले संच बंद ठेवावे लागतात. चुंबक आपलं आपण फिरत असतं, तर एवढ्या मोठ्या केंद्राला गॅसची वाट कशाला बघावी लागली असती?

मग व्हिडिओत बल्ब कसा पेटतो? लपवलेला सेल असतो, टेबलाखालून आलेली वायर असते, नाहीतर कॅमेऱ्याबाहेरून चाकावर हवा मारलेली असते. दोन मिनिटांच्या व्हिडिओत हे सहज जमतं.

यात धोकाही आहे. ही चुंबकं फार ताकदीची असतात. बोट मध्ये सापडलं तर चेचतं. लहान मुलाने दोन छोटी चुंबकं गिळली तर ती पोटात आतड्याला भोक पाडू शकतात. आणि घरी बनवलेलं कुठलंही वीजयंत्र घराच्या वायरिंगला जोडू नका. लाईट गेलेली असताना वीज उलटी तारेत गेली, तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल.

किट विकायला कोणी आलं तर भांडू नका. एवढंच सांगा: "आमच्या बैठकीत, आमच्या टेबलावर ठेवा. त्यावर घरातला पंखा लावा आणि एक दिवस-रात्र चालवून दाखवा. पक्कं बिल आणि लेखी हमी द्या. पैसे त्यानंतर." आगाऊ रक्कम किंवा ओटीपी मागितला तर तिथेच थांबा. ऑनलाइन पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा. वस्तूबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

बिल कमी करायची इच्छा मात्र योग्यच आहे. त्यासाठी हिशोब करूया. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटचा, त्याचे होतात सुमारे ११ युनिट. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचले.

छप्पर मजबूत असेल आणि मीटर घरच्याच माणसाच्या नावावर असेल, तर पीएम सूर्यघर योजनेची चौकशी करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान ठरवलेलं आहे. एक किलोवॅटमधून दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज मिळते. इथे फिरवणारा कोण, याचं उत्तर स्वच्छ आहे: ऊन. आपल्याकडे खारी हवा असल्याने गंज न धरणारा सांगाडाच मागा. अर्ज करताना त्या वेळचे नियम पुन्हा तपासा.

गटाची बचत म्हणजे कोणाची मासळीची पाटी, कोणाचं शिवणकाम, कोणाची रोजंदारी. कर्ज बुडालं तर हप्ता दहाही जणींना जड जातो. म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. कोणाच्या घरी जुना सायकल डायनॅमो असेल तर घेऊन या. प्रत्येकीने तो आधी बल्बशिवाय आणि मग बल्ब जोडून फिरवून बघा. हाताला फरक कळेल. त्यानंतर किटच्या कर्जाचा विषय सभेपुढे घ्या आणि जो निर्णय होईल तो इतिवृत्तात लिहा.