टीव्ही बडनेऱ्यात पोचेपर्यंत



मला टीव्हीच्या सुरुवातीच्या दिवसांवर बोलायला सांगितलं आहे. आपली बॅच १९७८ला दहावी झाली, ती टीव्ही न पाहताच. मुंबई दूरदर्शन केंद्र मात्र २ ऑक्टोबर १९७२लाच सुरू झालं होतं. स्मिता पाटील तिथं मराठी बातम्या वाचत. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं' लागायचं. आपल्याला हे सारं कळायचं ते मुंबईहून रेल्वेनं येणाऱ्या पेपरातून. आपला खरा सोबती म्हणजे आकाशवाणीचं नागपूर केंद्र.

एकदा वर्गात कुणीतरी विचारलं, "सर, मुंबईचा टीव्ही आपल्याकडे काऊन दिसत नाही?" विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर गोल पृथ्वी काढली, तिच्यावर एक मनोरा काढला. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. टीव्हीच्या लहरी सरळ जातात, पृथ्वी वळली की सुटतात. म्हणून पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारावं लागलं. "आता बडनेऱ्याले दाखवाचं असन, तर मनोरा आभाळातच लागन," सर म्हणाले. वर्ग हसला.

३० ऑगस्ट १९८३ला इन्सॅट-१बी उपग्रह सुटला. मनोरा खरंच आभाळात गेला! पुढच्याच वर्षी देशभर लहान सहक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली. आपल्याकडेही घरांवर अँटेना चढले. १९८७ला 'रामायण' लागलं, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीत रविवारी सकाळी अख्खी गल्ली बसायची.

पण त्या लहान केंद्रांना स्टुडिओ नव्हता. वरून येईल ते पुढं पाठवायचं, एवढंच त्यांचं काम. वरून यायची दिल्ली. त्यामुळे आपल्या घरात टीव्ही आधी हिंदीत बोलला, मराठीत नंतर. वऱ्हाडी तर त्यावर क्वचितच ऐकली. सगळा देश आपल्याला दिसला. आपण कुणाला दिसलो नाही.

सर आज हयात नाहीत. या स्मरणिकेसाठी आम्ही बऱ्याच जणांना विचारलं. त्यांच्या आवाजाची एक कॅसेटही कुणाकडे निघाली नाही. त्यांचं ते वऱ्हाडीतलं विज्ञान आता फक्त आपल्या डोक्यात आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणून एक विनंती. जेवण झालं की फोटोंची घाई करू नका. दोघातिघांनी एकेका गुरुजींजवळ, बाईंजवळ बसा, त्यांना बोलतं करा आणि ते रेकॉर्ड करून ठेवा. आपल्याच बोलीत.